चरबीचे निरोप

सोमवार, ५ फेब्रुवारी

मोठ्या भाऊजींचा पाय काढला. गुडघ्याच्या खाली.

जाऊबाईंचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका पँटची कंबर उसवत होते. "काढला गं," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मीही रडले. मग डोळे पुसून उरलेली कंबर उसवली, कारण गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. हातांना काय, त्यांना दुसरं काही येत नाही.

नंतर आम्ही दोघं दवाखान्यात जाऊन आलो. भाऊजी गुंगीत होते. चादरीखाली एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला सपाट. तिकडे बघायचंच नाही असं ठरवून गेले होते, पण नजर सारखी तिथेच. एवढा धिप्पाड माणूस! बारा वर्षं साखरेचा आजार अंगावर काढला. बूट चावल्याचं निमित्त झालं, फोड आला, चिघळला, आणि शेवटी हे. यांनी भावाच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा मला एकच माणूस दोनदा दिसला. तेच पोट, तीच मान, तीच जाडजूड मनगटं. एक आडवा आणि एक उभा.

परत येताना हे म्हणतात, "भूक लागलीय गं, काहीतरी खाऊ या." मला किंचाळावंसं वाटलं. हा माणूस शाळेची बस चालवतो, दिवसभर बसून असतो, पोरं याला ढोलकाका म्हणतात आणि याला त्याचं कौतुक! उद्या याची चादर सपाट झाली तर?

कुणाशी बोलायची सोय नाही म्हणून लिहितेय. ठमीला सांगितलं तर ती म्हणेल, आई, तू उगाच घाबरतेस. पोरगी वीस वर्षांची झाली, पण आईला गप्प करायची घाई काही सुटत नाही.


गुरुवार, ८ फेब्रुवारी

यांची कंबर मोजली. हे छातीठोकपणे म्हणाले, "अडतीस. लग्नात होती तेवढीच आहे."

आता याला काय म्हणावं! पँटच्या आत अडतीसचा शिक्का आहे म्हणून हे अडतीस. कपडा शिवताना आम्ही शिलाईच्या आत थोडं जादा कापड दाबून ठेवतो, पुढेमागे सैल करायला. त्याला माया म्हणतात. यांच्या सगळ्या पँटची माया मी दर वर्षी थोडी थोडी सोडत आलेय. शिक्का तिथेच, कंबर मात्र पुढे पुढे. आज टेप लावली तर बेचाळीस भरली.

"टेप आटली असेल," हे म्हणाले.

मला हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. रात्री झोप नाही. सारखी पाणी प्यायला उठते. भीतीने घशाला कोरड पडते म्हणतात, ते काही खोटं नाही.


रविवार, ११ फेब्रुवारी

भाऊजींच्या दवाखान्यात आज रुग्णांच्या घरच्यांसाठी माहिती सांगणार होते. जाऊबाईंना सुटका नव्हती म्हणून मी गेले. सांगणाऱ्या डॉक्टरीणबाई चणीने एवढ्याशा, पण आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा सावरून बसावा.

मला वाटायचं चरबी म्हणजे अंगावर थिजलेलं तेल. पडून असतं बिचारं. तर तसं नाहीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चरबी गप्प बसत नाही. ती रक्तात निरोप सोडते. सगळ्या अंगाला, मेंदूला, काळजाला. त्या निरोपांना त्यांनी संप्रेरकं म्हटलं. एकाचं नाव लेप्टिन. ते मेंदूला सांगतं, 'साठा भरपूर आहे, आता खाणं पुरे.' पण चरबी फार वाढली की हा निरोप इतका सारखा सारखा जातो की मेंदू ऐकेनासा होतो. माझं यांच्यापुढे होतं तसंच. दुसऱ्याचं नाव अॅडिपोनेक्टिन. ते मी शेजारच्या बाईकडून दोनदा विचारून घेतलं. हा चांगल्या घरचा निरोप. इन्शुलिनचं बोट धरून तो साखर जागच्या जागी पोचवायला मदत करतो. पोटाच्या आत चरबी साठली की हा कमी होत जातो, आणि वाईटसाईट निरोप वाढतात. मग इन्शुलिन दारावर थापा मारतं आणि आतून कुणी उघडत नाही. साखर आपली रक्तातच फिरत राहते.

मला निरोप हा शब्दच नको वाटला. निरोप धाडतात तसा निरोप घेतातही.

मधलं थोडं हुकलं. मला दोनदा उठून बाहेर जावं लागलं. पाण्याच्या दोन बाटल्या संपवल्यावर दुसरं काय होणार? परत येऊन बसले तेव्हा बाई म्हणत होत्या, "...म्हणून बारीक माणसांनी तर जास्तच." जास्तच काय, ते कळलं नाही. शेजारणीला विचारावं तर ती पेंगत होती. बारीक माणसांनी घरातल्या जाड माणसांकडे जास्तच लक्ष द्यायचं, असंच असणार. ते मी करतेच आहे.

एक मात्र नीट ऐकलं. कंबर पँटच्या जागी मोजायची नाही, बेंबीवरून मोजायची. मी इतकी वर्षं माप घेतेय, पण गिऱ्हाईक पँट जिथे घालतं तिथेच टेप लावायची आमची रीत. पोटाच्या खाली. पोट आमच्या हिशेबात येतच नाही. घरी येऊन यांना उभं केलं. बेंबीवर सेहेचाळीस. पुन्हा लावून पाहिली. तेवढीच.


बुधवार, १४ फेब्रुवारी

घरातली बिस्किटं मी दुकानात नेऊन ठेवली. यांच्या चहातली साखर बंद. दुसऱ्यांदा भात मागितला तर भांडं रिकामं दाखवायचं. भांडं खरोखरच रिकामं असतं, कारण उरलेलं मीच खाऊन टाकते. हल्ली माझी भूक वखवखल्यासारखी झालीय. काळजीने लोकांचं अन्न तुटतं, माझं उलटंच.

जेवताना यांना म्हटलं, "तुमच्या अंगातली चरबी काय काय निरोप पाठवतेय, कल्पना आहे का?"

"माझ्या अंगात चरबी आहे," हे म्हणाले, "पण चढलेली नाही. चढलेली बघायची असेल तर आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना बघ."

ठमी हसून हसून लोळली. मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.


सोमवार, १९ फेब्रुवारी

आज एक गंमतच झाली. संध्याकाळी चप्पल काढली तर ठमी ओरडली, "आई, तुझ्या पायात टाचणी आहे!" बघते तर खरंच. डाव्या तळव्यात, बोटांच्या खालच्या गादीत, डोक्यापर्यंत रुतलेली. दुकानात मशिनपाशी अनवाणी असते, तिथे टाचण्यांचा सडा पडलेला असतो. दुकानापासून घरापर्यंत तिच्यासकट चालत आले असणार. मला पत्ताच नाही.

ठमीने ती ओढून काढली. रक्ताचा एवढासा थेंब आला. ती म्हणाली, "दुखत नाही तुला?"

"इतकी वर्षं मशिन चालवलंय बाई. तळवा कुठला, चामडं झालंय ते."

भाऊजी घरी आले. जाऊबाई म्हणाल्या, ते सारखे नसलेल्या पायाला खाज सुटते म्हणतात. ऐकून माझ्या पायांत मुंग्या आल्या, त्या अजून गेल्या नाहीत.


शनिवार, २४ फेब्रुवारी

यांना ओढत तपासणीला नेलं. ओढत म्हणजे शब्दशः. बाहीला धरून. रक्त घेणारी मुलगी मला म्हणाली, "काकू, तुमचंही करून टाकायचं का?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. मनगट पुढे करून दाखवलं तिला. बांगडी कोपरापर्यंत जाते.

संध्याकाळी निकाल आला. यांची साखर उंबरठ्यावर आहे. आजार नाही, पण एक पाऊल टाकलं की आत. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, चाला, मागे फिरता येईल. उंबरठा म्हटल्यावर माझ्या पायाखालची जमीनच सरकली. खरंच सांगते, जिना उतरताना पायरी पायाला लागत नव्हती. कापसावर चालल्यासारखं वाटलं. यांनी दंडाला धरलं नसतं तर पडलेच असते.

खाली आल्यावर हे रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून चालतो." एरवी टवाळी करणारा माणूस. चेहरा पांढराफटक पडला होता. हेही घाबरलेत, ते मला आजच कळलं. एकटी घाबरत होते तेच बरं होतं.


मंगळवार, ५ मार्च

हे रोज पहाटे चालतात. बेंबीवर पंचेचाळीसला थोडं कमी. देवा, असंच होऊ दे.

माझे दोन ड्रेस आत घेतले.


रविवार, १७ मार्च

शेजारीण जिन्यात भेटली. "काय बारीक झालीस गं! कसं जमवलंस?" मी म्हटलं, "नवऱ्याला उपाशी ठेवलं." दोघी खूप हसलो. वर येऊन आरशात पाहिलं. गालफडं बसलीत, पण नाकीडोळी नीटस दिसते. हात काड्यांसारखे झालेत. पोट तेवढं आहे तसंच आहे, ठमीच्या वेळेपासूनचं, ते माझ्या मापात येत नाही. काळजीने वाळलेय, दुसरं काय. यांची साखर उतरली की भरून येईन.

माझी आईही अशीच वाळून वाळून गेली. सगळे म्हणायचे, मुलीच्या काळजीने गेली.

पायाची ती टाचणीची जागा अजून ओलीच आहे. मलम लावते, पट्टी बांधते, पट्टी चिकटून बसते. दुखत नाही ही देवाची कृपा. ठमी आज फारच बोलली. "मोठ्या काकांचंही असंच सुरू झालं होतं."

मी तिला झापलं. "भाऊजी केवढे, मी केवढी! माझ्यासारख्या दोन मावतील त्यांच्यात. माझ्या अंगात निरोप पाठवायला चरबी आहे कुठे?"

"तू एकदा दाखव तरी."

"आधी बाबांचं निस्तरू दे."

ती पाय आपटत गेली. पोरीचा आवाज कापत होता, ते ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मला राग कशाचा आला होता, तेच आठवेना.


गुरुवार, २८ मार्च

आज मन थाऱ्यावर नाही.

हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही. डोळ्यांसमोर धुकं असल्यासारखं. काळ्यावर काळी शिलाई तर मुळीच दिसत नाही. माझा काळा ड्रेस पुन्हा खांद्यावरून घसरायला लागला होता. स्वतःला दिसेना, म्हणून मी तो गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यात सरकवून दिला. नाव काही घातलं नाही. म्हटलं, मास्तर आपले गुमान करून टाकतील. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, दिवसाला दहा शब्द बोलणार, त्यातले आठ मशिनशी.

दुपारी त्यांनी तो ड्रेस उलटा करून उजेडात धरला. बराच वेळ बघत होते.

"बाई, हे गिऱ्हाईक आजारी आहे का?"

हा प्रश्न मी स्वतः रोज विचारते. कुणी कपडा फार आत घ्यायला सांगितला की आमच्या धंद्यात तोंडातून आपोआप निघतोच. आजारी होतात का? बाळंतपण झालं का? लोकही मोकळेपणी सांगतात. पण आज तो ऐकला आणि हातातली कात्री गार लागली.

"का हो मास्तर?"

"तीन शिलाया आहेत एकाच्या आत एक. तिन्हींचा दोरा नवा. म्हणजे महिन्या-दीड महिन्यात माणूस एवढं उतरलंय. आणि पोटापाशी एकही टाका नाही. हातपाय चाललेत आणि पोट तिथंच."

"माहीत नाही कुणाचा आहे तो," मी म्हटलं.

"विचारा तिला."

"विचारते."

"आजच विचारा," ते म्हणाले, आणि ड्रेसची घडी घालून माझ्या मशिनवर आणून ठेवला.

त्यांना ओळखू आलं नाही, हे नशीबच. नाहीतर उगाच बोभाटा झाला असता. पण घरी आल्यापासून मी चार वेळा ती शिलाई बोटांनी चाचपून पाहिली. तीन आहेत. घेताना मला एकेक वाटत होती.


शुक्रवार, २९ मार्च

दवाखान्यातून लिहितेय. मला ठेवून घेतलंय.

सकाळी दुकानासमोर शाळेची बस येऊन थांबली. आत एकही पोर नाही. हे उतरले आणि सरळ माझ्या मशिनपाशी आले. इतक्या वर्षांत दुकानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. मास्तर मान खाली घालून शर्टाला काज करत होते. काज ते कधीच करत नाहीत. मग मला कळलं, फोन कुणी केला ते.

"चल," हे म्हणाले.

"कुठे?"

"चल म्हणतो ना."

एवढ्या मोठ्या रिकाम्या बसमध्ये मी एकटी बसले होते. यांच्या मागच्या सीटवर, लहान मुलांच्या. हे आरशातून सारखे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पुढे बघून चालवा." त्यावर काही टवाळी करतील असं वाटलं होतं. केली नाही.

बोटातून थेंबभर रक्त घेतलं, यंत्राला लावलं. आकडा आलाच नाही. नुसती अक्षरं आली. नर्सने दुसरं यंत्र आणलं, त्यावरही तेच. साखर आकड्यांच्या पलीकडे गेली की असं होतं म्हणे.

मग त्या एवढ्याशा डॉक्टरीणबाई आल्या.

"काय होतंय ताई?"

"काही नाही हो. जरा घाबरलेय. यांच्या काळजीने घशाला कोरड पडते."

"किती पाणी पिता?"

मी सांगितलं. हे माझ्याकडे बघतच राहिले.

"अजून?"

"काळजीने वाळलेय. पायाला मुंग्या येतात. मागे एकदा तर पायाखालची जमीन सरकली."

"तसं नको ताई. बोलायच्या पद्धतीचं बाजूला ठेवा. खरं काय होतंय ते सांगा."

"अहो, तेच तर सांगतेय!"

मी हे बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बाईंनीही पेन खाली ठेवलं.

त्यांनी टेप मागवली. बेंबीवर लावली. त्यांच्या हातातली टेप बघून एरवी मी म्हटलं असतं, बाई, अशी तिरकी धरू नका. आज काही सुचलं नाही. माझ्या उंचीच्या बाईची कंबर जेवढी असावी त्याहून बरीच जास्त भरली.

"मी तर काडी आहे," मी म्हटलं. "चरबी कुठून आली?"

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं, जे मी बाहेर गेले होते तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. कातडीखालची चरबी ही तशी समजूतदार. ती जादाचं आपल्यात ठेवून घेते आणि तो चांगला निरोप पाठवत राहते. काही माणसांच्या अंगात ती जागाच थोडी असते. मग जादाचं सगळं आत जातं, यकृतावर, आतड्यांभोवती. वजनकाट्याला पत्ता नाही, आरशाला पत्ता नाही. चांगला निरोप आटतो, वाईट वाढतात, आणि वरून माणूस बारीकच्या बारीक. "ते ऐकून बारीक लोक घरी जाऊन निर्धास्त झोपतात," बाई म्हणाल्या, "म्हणून मी सांगते की त्यांनी तर जास्तच तपासून घ्यावं."

मला ते माझ्या भाषेत बरोबर कळलं. यांच्या अंगात देवाने माया भरपूर ठेवलीय, सोडत राहिली, सोडत राहिली. माझ्यात ठेवलीच नव्हती. माया नसलेला कपडा ताण आला की सैल होत नाही, फाटतो.

"किती दिवस असेल?" यांनी विचारलं.

"दिवस नाही. वर्षं असतील. आता या दोन महिन्यांत तोल गेलाय. वजन उतरलंय ते त्यामुळे."

मग त्यांनी पट्टी सोडली आणि माझ्या पायाकडे बघितलं. जखमेचं माप कागदावर लिहून घेतलं. माझी आई कशाने गेली तेही विचारलं. मी काळजीने म्हणणार होते. म्हटलं, माहीत नाही.


सोमवार, १ एप्रिल

इन्शुलिन सुरू आहे. साखर उतरतेय. कोरड कमी झाली, म्हणजे ती भीती नव्हती. भीती आहे ती वेगळीच आहे. तिला चव नाही, आवाज नाही. छातीवर बसून असते.

दुसऱ्यासाठी घाबरायची मला सवय आहे. त्यात हाताला काम असतं. भांडी लपवा, टेप लावा, ओरडा. स्वतःसाठी घाबरायचं म्हणजे नुसतं पडून राहायचं. मला नाही जमत. मी परवापासून सगळ्यांवर खेकसतेय. नर्सला म्हटलं, तुमच्या झग्याची शिलाई वाकडी आहे.

जाऊबाई आल्या होत्या. माझ्या चादरीकडे बघत नव्हत्या. अजिबात बघत नव्हत्या. कसं ठरवून यावं लागतं, ते मला माहीत आहे.

ठमीची तपासणी करवून घेतली. ठीक आहे. आत्तापुरतं, असं बाई म्हणाल्या. पोरगी पलंगाशी बसून माझ्या अंगठ्यांची नखं कापत होती. मी म्हटलं, "तू त्या दिवशी सांगत होतीस ते मी ऐकायला हवं होतं गं." ती म्हणाली, "गप्प बस आई." घरात मला गप्प करणारी तीच एक आहे, आणि आज गप्प बसताना फार बरं वाटलं.


बुधवार, ३ एप्रिल

पायाचा फोटो काढला. आतपर्यंत गेलंय, पण हाड बहुतेक वाचलंय. बहुतेक हा शब्द मी सकाळपासून चघळतेय.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. त्या बसून बोलल्या की मला धडकी भरते. म्हणाल्या, "जखम मी भरून आणीन. पण पाय टिकवायचा तर पायात जाणीव पाहिजे. जाणीव असली की खडा टोचला तरी पाय सांगतो. नसली तर आज ही जखम, उद्या दुसरी, आणि तुम्हाला कळणारच नाही. किती उरलीय ते उद्या बघू."

"आणि नसली तर?"

"आधी बघू तर."

हे दिवसभर इथेच असतात. बस दुसऱ्याकडे दिली आहे. यांच्या पोटावरून पट्टा सैल झालाय, चेहरा ओघळलाय. मी म्हटलं, "तुमची साखर तपासली का?" हे म्हणाले, "आता माझं राहू दे." मी म्हटलं, "असं म्हणायचं नाही. असं म्हणूनच मी इथे आले." यांनी मान हलवली आणि खिडकीकडे गेले.

मला पाय हवाय. मशिनसाठी हवाय, जिन्यासाठी हवाय, मोरीपर्यंत एकटीने जाण्यासाठी हवाय. डावाच पाय मी मशिनच्या पायटावर ठेवते. उजव्याने मला शिवता येत नाही. देवा, मी कधी काही मागत नाही असं नाही, सारखी मागतेच. पण हे एकच दे.


गुरुवार, ४ एप्रिल

आज तपासलं.

डॉक्टरीणबाईंनी एक दांडी आणली होती, तिच्या टोकाला बोटभर नायलॉनचा दोरा. पडद्याची दुमडलेली कड शिवायला आम्ही वापरतो तसलाच. म्हटलं, एवढंच? मला वाटलं होतं काहीतरी सुया-बिया असतील. त्या म्हणाल्या, "डोळे मिटा. हा मी पायाला टेकवीन. टेकल्यासारखं वाटलं की 'हो' म्हणायचं. अंदाजाने म्हणू नका."

मी डोळे मिटले. ठमी उशाशी होती, हे कुठे उभे होते ते दिसलं नाही. उजव्या पायाला काहीतरी हुळहुळलं. "हो." मग थोड्या वेळाने अंगठ्यापाशी. "हो." टाचेला. "हो." मध्ये बराच वेळ काही नाही, मग कडेला अगदी अंधुक. "हो!" मला एवढा आनंद झाला की मी जोरातच म्हणाले. पाय बोलत होता. परीक्षेत उत्तरं येत असल्यासारखं वाटत होतं. मी मनात म्हटलं, उगाच घाबरवून ठेवलं या बाईने.

मग त्या थांबल्या. मी वाट बघितली. वाटलं, कागदावर लिहून घेत असतील. आणखी वाट बघितली. खोलीत एवढी शांतता की बाहेर कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला. ठमीचा हात माझ्या खांद्यावर होता, तो घट्ट झाला.

"बाई," मी म्हटलं, "घ्या ना आता डावा."

दांडी ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज झाला.

"डावा झाला ताई," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

मी डोळे उघडले. हे पलंगाच्या पायथ्याशी बसले होते, माझा डावा पाय दोन्ही हातांत धरून. केव्हापासून धरला होता, मला माहीत नाही.